घरची शाळा आणि दयेचे धडे

पुणे-दौंड रेल्वेने ये-जा करणाऱ्यांना केडगाव हे स्टेशन ठाऊक असते. बारामतीहून मोरगाव, सुपे करत चौफुल्याला पोहोचले की तिथून ते जवळच. माळेगाव बुद्रुक, पणदरे, बारामती भागातल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तिथले 'मुक्ती मिशन' निदान बाहेरून तरी पाहिले असेल. पण ते ज्यांनी उभारले, त्या पंडिता रमाबाई आणि त्यांची कन्या मनोरमाबाई यांची गोष्ट आपल्या घरांत क्वचितच सांगितली जाते. या महिन्यात आम्ही ती सांगणार आहोत. सुट्टीत मुले घरी असतात, त्यांना गुंतवायचे कसे हा प्रश्न प्रत्येक आईपुढे असतो. त्याचबरोबर दुसराही एक प्रश्न हळूहळू मोठा होत चालला आहे. मुलांच्या कानांवर आणि मोबाइलवर रोज जी कडवट भाषा पडते, तिच्यात वाढूनही त्यांचे मन मऊ कसे राहील?

मुस्लिम घरांसाठी निघणाऱ्या मासिकात ख्रिस्ती घराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल-हदीदमध्ये हजरत ईसा (अलै.) यांच्या अनुयायांच्या अंतःकरणात अल्लाहने कोमलता आणि दया ठेवल्याचा उल्लेख आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. त्याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमच्या आयती ऐकवल्या आणि राजाचे डोळे भरून आले, हे आपण मुलांना सांगतोच. श्रद्धेतला फरक फरकाच्या जागी राहतो. चांगुलपणा जिथे दिसेल तिथे तो ओळखणे हासुद्धा मुलांना द्यायचा एक संस्कार आहे.

पहाटेची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकणे त्या काळी पाप मानले जाई, तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवले. त्यावरून विरोध झाला तेव्हा ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. रमाबाई तिथेच जन्मल्या. पुढे घरदार मागे पडले आणि कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव फिरू लागले. रमाबाई कुठल्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील तोवर थकले होते, त्यामुळे शिकवण्याचे काम आईने घेतले. मुलगी आठ वर्षांची झाल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत हा क्रम चालला. दिवसभर आईच्या मागे कामाचा रगाडा असे, म्हणून पाठांतर पहाटे, उजाडण्यापूर्वी. झोपेने पेंगणाऱ्या मुलीला आई प्रेमाने जागे करी आणि श्लोक म्हणून घेई. खडू-फळा नव्हता, वह्या-पुस्तकांचा ढीग नव्हता. एक आई होती आणि ठरलेली वेळ होती.

आपल्या दादी-नानी फजरच्या नमाजनंतर लेकरांना मांडीवर घेऊन कायदा आणि छोट्या सूरह शिकवत आल्या आहेत. ही रीत आपल्याला परकी नाही.

रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते आईच्या स्मृतीला अर्पण केले. ज्या पोरीला पहाटे उठवून शिकवले, तिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले होते. तो दिवस पाहायला आई मात्र उरली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, अनवाणी, देशभर चालत राहिले. ही भूक लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे.

आई आणि लेक

१८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पती वारले. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यात आल्या, तिथे आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच त्यांना एक नवी गोष्ट सापडली: बालवाडी.

जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी एक शाळा काढली होती आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मूल हाताने शिकते, खेळातून शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा. लाकडी ठोकळे, चेंडू, कागदाच्या घड्या, माती, बिया, गाणी आणि बागेतले काम हे तिथले धडे. रमाबाई ही पद्धत शिकल्या आणि मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याच्या कामाला लागल्या. पाठांतरावर वाढलेली बाई हाताच्या शिक्षणाकडे वळली. पाठांतर त्यांनी टाकून दिले नाही, त्याला जोड दिली. आपल्या मकतबांनाही या जोडीचा विचार करता येईल.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांना ठेवायला केडगावची जमीन होतीच, तिच्यावर 'मुक्ती' उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली होती. एकेकाळी ज्या मुलीला घासभर अन्न मिळत नव्हते, ती आता दीड हजार जणींच्या ताटाची काळजी वाहत होती.

इतक्या मुलींना शिकवायचे कसे? मोठ्या मुलींनी धाकट्यांना सांभाळायचे, शिकलेलीने न शिकलेलीला शिकवायचे. विणकाम, शिवण, शेती, गाईगुरे, छापखाना अशी कामे मुलीच करत. परित्यक्ता आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन', वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी 'प्रीती सदन', अंध मुलींसाठी 'बार्तिमी सदन' अशी निरनिराळी घरे होती. मनोरमाबाई परदेशी ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या आणि त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकवले. ज्या मुलींना घरचे लोक ओझे मानत होते, त्या बोटांनी वाचू लागल्या आणि इतरांनाही शिकवू लागल्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावातच डोळे मिटले.

मदत आणि मोबदला

आता एक अडचणीची गोष्ट. ती टाळली तर ही हकीकत अर्धीच राहील. १८९३ मध्ये शारदा सदनावर मोठे वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचे दार लावून मी प्रार्थनाही करणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की आश्रयाला आलेल्या विधवा मुलीचे मन आश्रयदात्रीकडे झुकणारच. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिली. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. केडगावात मात्र पुढे हजारो मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरे.

आम्ही हा वाद इथे सोडवायला बसलेलो नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न मुलांशी जरूर बोलावा: ज्याला गरज आहे त्याला मदत करताना आपण त्याच्याकडून काही मागतो का? आभार? कौतुक? आपल्यासारखे होणे? सूरह अल-बकरामध्ये दानावर उपकार जतवून आणि मन दुखावून ते वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. मनाला इजा करणाऱ्या दानापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी, असेही तिथे सांगितले आहे. हा निकष इतरांना लावण्याआधी आपण आपल्यालाच लावावा. रमजानमध्ये धान्याच्या पिशव्या वाटताना काढलेली छायाचित्रे त्याच्यावर किती उतरतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

याच काळातल्या दुसऱ्या एका ख्रिस्ती घराचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, जे शिकल्या ते घरात. तरी त्यांचे 'स्मृतिचित्रे' आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी भेटला. हेच आपले बालकवी. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले. ठोंबरे ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, रुसले, कविता लिहीत राहिले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या घराने माया केली आणि मोबदला मागितला नाही.

शाळा सुटू नये

घरी शिकवण्याचे इतके कौतुक केल्यावर एक इशारा द्यायलाच हवा. 'मुलीला आता घरीच शिकवू' हे वाक्य आपल्या समाजात अनेकदा शिक्षण थांबवण्यासाठी वापरले जाते. सातवी झाली, शाळा लांब आहे, एस.टी. वेळेवर येत नाही, घरात कामाला हात हवा, अशी कारणे पुढे येतात. मग 'घरी शिकवू' म्हणता म्हणता पुस्तक कपाटात जाते आणि मुलगी चुलीपाशी. रमाबाईंच्या आईने मुलीला घरी शिकवले, कारण तिला शिकवणारी शाळाच नव्हती. ती सबब आज आपल्याला नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे.

आजारपण, स्थलांतर किंवा दुसऱ्या खऱ्या अडचणीमुळे शाळा सुटलीच, तरी दार बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून घरी अभ्यास करून दहावी-बारावी करता येते. राज्य मंडळाची दहावी-बारावी '१७ नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून देता येते. शाळा सोडावी लागलेली एखादी मुलगी किंवा तरुण सून तुमच्या घरात असेल, तर हा मजकूर तिला वाचून दाखवा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी घरची शाळा ही शाळेला जोड आहे. अशा शाळेला संध्याकाळी मगरिबनंतरचा अर्धा तास पुरतो. मात्र आईच्या पहाटेसारखी तिची वेळ ठरलेली हवी.

हाताने शिकायचे धडे

काही सोपे उपक्रम देतो. यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिला, डाळीची ब्रेल. ब्रेलचे प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या घरात बसते. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात 'क' म्हणजे १ आणि ३. 'ल' म्हणजे १, २, ३. 'म' म्हणजे १, ३, ४. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर ठिपक्यांच्या जागी तुरीच्या डाळीचे दाणे डिंकाने चिकटवा. तीन अक्षरे झाली की 'कलम' तयार. मागची दोन अक्षरे बदला की 'कमल'. मग मुलांनी डोळे मिटून बोटाने वाचायचे. पहिल्याच प्रयत्नात जमणार नाही, आणि त्या न जमण्यातच अर्धा धडा आहे. खेळ संपला की सांगा: अंध माणसाला रस्ता ओलांडायला मदत करायची असेल, तर त्याचा हात धरून ओढायचा नाही. आधी विचारायचे, मग आपला हात त्याला धरू द्यायचा.

दुसरा, रश्श्याची वाटी. रस्सा करताना पाणी थोडे जास्त घालून शेजाऱ्याला त्यातले द्यावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. आठवड्यातून एकदा शेजारच्या घरी वाटी पोचवायचे काम मुलाकडे द्या. घर कोणत्या धर्माचे आहे, ते काय खातात, काय खात नाहीत, हे त्यानेच आधी विचारून यायचे. शाकाहारी घरी काय न्यायचे हे त्यालाच ठरवू द्या. दुसऱ्याच्या सवयीचा मान राखून देणे ही या उपक्रमातली खरी शिकवण आहे.

तिसरा, मुक्या जिवांचे पाणी. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि मांजर कोंडून उपाशी मारणारीला शिक्षा, या दोन्ही हदीस मुलांना सांगा. मग अंगणात मातीचे भांडे ठेवा. ते रोज सकाळी घासून भरायची पाळी भावंडांनी वाटून घ्यायची. उन्हाळा संपला की भांडे उचलायचे नाही.

चौथा, थोरल्याने धाकट्याला शिकवायचे. मुक्तीतली ही रीत घरात सहज आणता येते. पाचवीतल्या ताईने पहिलीतल्या भावाला रोज दहा मिनिटे पाढे किंवा कायदा शिकवावा. चिडायचे नाही, टपली मारायची नाही, ही अट. शिकवताना आपल्याला राग कुठे येतो हे मुलांना लवकर कळते.

आणि एक धडा मोठ्यांसाठी. प्रेषितांनी (स.) नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतला, तेव्हा एक सरदार म्हणाला, मला दहा मुले आहेत पण मी कोणाचाही कधी मुका घेतलेला नाही. त्यावर प्रेषितांनी सांगितले, की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. घरात अब्बांचा आवाज कायम चढलेला असेल, तर डाळीच्या ठिपक्यांनी मुले दयाळू होणार नाहीत.

माळेगावची कोपी

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास माळेगाव साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळ आला की बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला हा कोयता अंधारातच फडात जातो. मागे कोपीत राहते आठ-दहा वर्षांची एखादी मुलगी, कडेवर धाकटे भावंड घेऊन. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयत्न झाले, गावाकडे हंगामी वसतिगृहेही निघाली. तरीही अर्धे वर्ष शाळेबाहेर गेले की त्या मुलीचा अभ्यास तुटतो आणि पुन्हा जोडणे अवघड होते.

आपली मुले या मुलांना रोज पाहतात. त्यांच्याविषयी आपण घरात कोणत्या शब्दांत बोलतो, तेही ऐकतात. 'त्यांच्यात खेळू नको, घाण असतात' हे वाक्य एकदा कानावर पडले, की दयेवरचे सारे व्याख्यान फुकट जाते. रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली अंगाने खंगलेल्या, आजारी, कित्येक चिडखोर होत्या. त्यांना आधी जवळ घ्यावे लागले, शिकवणे त्यानंतर आले.

म्हणून येत्या हंगामासाठी आमची एक सूचना आहे. देण्याआधी खेळू द्या. तुमच्या मुलाने कोपीवरच्या मुलांशी आधी विटीदांडू खेळावे, नावे विचारावीत, त्यांच्या गावाची गोष्ट ऐकावी. मग त्याच्या मनात काही द्यावेसे आले, तर ते त्यालाच निवडू द्या. फाटलेले दप्तर आणि पाने संपलेली वही देऊ नका. आपल्याला आवडते त्यातून द्यावे, ही कुरआनची शिकवण मुलालाही पेलते. शिकलेल्या बहिणींनी दोघी-तिघी मिळून आठवड्यातून दोन दुपारी कोपीवरच्या मुलांना अक्षरे आणि बेरीज-वजाबाकी शिकवली, तर ती घरची शाळाच होईल. आईबापांची परवानगी आधी घ्या, जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना सांगा आणि शक्य असेल तर मुलांची नावे शाळेत घालायला मदत करा. धर्माचा विषय काढू नका. त्या माउलीने चहा पुढे केला, तर नाही म्हणू नका. तिलाही कोणाला तरी काही द्यायचे असते.

सुट्टीत एखाद्या दिवशी मुलांना घेऊन केडगावकडे गेलात, तर वाटेत त्यांना त्या पहाटेच्या शाळेची गोष्ट सांगा. आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी, मगरिबनंतर, अर्ध्या तासाची शाळा सुरू करा. जाड कागद आणि मूठभर तूरडाळ एवढ्यावर पहिला दिवस निभेल.